अजब बंगला आणि दगडातले मासे

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आपल्या विदर्भात त्या नावाने फारसे कुणी ओळखत नाही. खेड्यातून आलेली म्हातारी असो की सहलीला आलेला शाळकरी पोरगा, दोघांच्याही तोंडी एकच नाव असते : अजब बंगला. आमच्या घरात अशा जागेला 'अजायबघर' म्हणत. 'अजब' हा मूळचा अरबी शब्द, 'अजायब' हे त्याच मुळातून आलेले अनेकवचन. तेराव्या शतकात झकरिया अल्-कझवीनी नावाच्या विद्वानाने सृष्टीतल्या अजब गोष्टींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रहतारे आहेत, झाडे आहेत, मासे आहेत, हत्ती आणि मुंग्याही आहेत. पाहून तोंडात बोट जावे ते अजब, असा त्यामागचा विचार. तोच शब्द प्रवास करीत करीत आपल्या मराठीत आला आणि एका सरकारी इमारतीवर जाऊन बसला. सरकारने दिलेले नाव कागदावर राहिले, लोकांनी दिलेले नाव चालले.

हा बंगला उभा राहिला १८६३ मध्ये. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते. १८६१ मध्ये मध्यप्रांत हा नवा प्रांत जन्माला आला आणि सर रिचर्ड टेंपल तिथले चीफ कमिशनर होते. नव्या मालकाला आधी घरात काय काय आहे ते मोजावेसे वाटते. कुठल्या जंगलात साग आहे, कुठे कोळसा आणि लोखंड आहे, कोणती जनावरे आहेत, कोणती माणसे राहतात, ती काय पिकवतात, काय विणतात, याची मोजदाद सुरू झाली. अजब बंगला ही त्या मोजणीची एक वही होती असे म्हटले तरी चालेल. त्या वहीची बरीच पाने आमच्या चांदा जिल्ह्याने भरली असती. आजचे चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळे झालेले गडचिरोली, दोन्ही मिळून तेव्हाचा चांदा जिल्हा.

त्या बंगल्यात मी अनेकदा गेलो आहे. मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. प्राणिशास्त्राशी माझा संबंध जंगलाच्या कडेला राहण्यापुरता. तरीही भुसा भरलेल्या जनावरांच्या दालनात माझे पाय रेंगाळतात. काचेचे डोळे, जागोजागी विरळ झालेली फर, खाली नावाची पाटी. एकदा मूलकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. वाघापुढे उभे राहून त्यांनी मला विचारले, "भाऊ, हा कोणत्या गावचा?" पाटीवर ते नव्हते. तिथे प्राण्याचे नाव होते, शास्त्रीय नाव होते, गाव नव्हते. आजोबांना मात्र आधी गावच कळायला हवे होते. त्यांच्या भागात वाघाची गोष्ट गावापासूनच सुरू होते : अमक्या पाणवठ्यावरचा, तमक्या गावच्या शिवेवरचा.

आजोबांचा तो प्रश्न आमच्या मुलखातल्या प्राण्यांच्या सगळ्या इतिहासाला लागू पडतो. त्यातली सर्वांत जुनी हकीकत माशांची आहे.

चंद्रपूरच्या मुलाला मत्स्यालय पाहायचे असेल तर मुंबईचे नाव सांगितले जाई. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पहिल्यांदा काचेआडचा मासा पाहिला तो तिथेच. पण आपल्याच दोन जिल्ह्यांत एक मत्स्यालय असे आहे, की ज्यात पाणी नाही आणि मासे अठरा कोटी वर्षांचे आहेत. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. त्या संगमाच्या वरच्या बाजूला, प्राणहितेच्या डाव्या काठी, कोटा नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या थरांत माशांचे अवशेष सापडले. जाड, चकचकीत, हाडासारख्या खवल्यांचे मासे. १८५१ मध्ये कर्नल साइक्स यांनी लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात त्याविषयी लिहिले, सर फिलिप एजर्टन यांनी माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव मिळाले 'लेपिडोटस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा लेपिडोटस. हेच ते साइक्स, ज्यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन केले होते.

गंमत पाहा. मासा लंडनला गेला, पण गावाचे नाव मात्र दगडाला चिकटून राहिले. त्या थरांना भूशास्त्रात 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात. जगात कुठेही डायनासोरच्या काळाचा अभ्यास करणारा विद्यार्थी कोटा हे नाव वाचतो. सिरोंच्याच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला ते ठाऊक असेलच असे नाही.

याच काळात नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी राहत होते. धर्मप्रसार हे त्यांचे काम, दगड हा त्यांचा छंद. नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवरच्या मांगली गावाजवळ त्यांना आणि त्यांचे सहकारी हंटर यांना एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली; बेडकाच्या फार फार दूरच्या चुलत्याची म्हणू या. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला 'ब्रॅकिऑप्स' असे नाव दिले. हिस्लॉप गोंडांची गाणी आणि कथाही उतरवून घेत होते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटकडचे जुने अवशेष पाहून परतताना ओढ्याला आलेल्या पुरात ते बुडून गेले. अजब बंगल्याचे वर्षही तेच. त्यांचे गोंडांविषयीचे कागद पुढे १८६६ मध्ये टेंपल यांनीच छापून प्रसिद्ध केले. एका हाताने दगड आणि दुसऱ्या हाताने गाणी गोळा करणारा हा माणूस मला जवळचा वाटतो. जमिनीची आणि माणसांची गोष्ट एकाच झोळीत टाकायची असते, हे त्याला कळले होते.

त्यानंतर शंभर वर्षांनी मोठे काम झाले ते सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७ च्या सुमारास भूशास्त्राचा विभाग सुरू केला आणि लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून घेतले. त्या चमूला १९५८ पासून इथे मोठमोठी हाडे मिळू लागली. त्यातली बहुतेक १९६० आणि १९६१ मध्ये निघाली. तीनशेच्या आसपास हाडे, निदान सहा जनावरांची. एकट्या मांडीच्या हाडाची लांबी जवळजवळ पावणेदोन मीटर, म्हणजे पुरत्या वाढलेल्या माणसाएवढी. बंगाली संशोधकांच्या तोंडी 'बडो पा', मोठा पाय, हा शब्द बसला आणि १९७५ मध्ये शास्त्रीय नाव जाहीर झाले तेव्हा ते झाले 'बारापासॉरस टागोरेई'. १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष होते, म्हणून टागोरेई. एका कवीचे नाव एका अजस्र जनावराला मिळाले याचा कवी म्हणून मला कोण आनंद! त्याचे डोके सापडले नाही, फक्त काही दात मिळाले. वेगवेगळ्या जनावरांची हाडे जुळवून उभा केलेला सुमारे चौदा मीटर लांबीचा सांगाडा कोलकात्याच्या त्या संस्थेत आहे.

म्हणजे मासे लंडनला, डायनासोर कोलकात्याला. यावर रागावणे सोपे आहे. पण न्यायाने बोलायचे तर त्या अभ्यासकांनी ती हाडे उचलली नसती, तर प्राणहितेच्या एखाद्या पावसाळ्यात ती वाहून गेली असती किंवा कुणाच्या बांधाला लागली असती. त्यांनी ती जपली, जोडली, जगाला सांगितली. त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. आभार मानूनही एक मागणी उरते. सिरोंच्यातल्या मुलाला आपल्या गावचा डायनासोर पाहायला हजार किलोमीटर जावे लागू नये. मूळ हाडे तिकडेच राहोत. प्लास्टरची हुबेहूब प्रत तर इकडे येऊ शकते. आता सिरोंच्याजवळ वडधम इथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केले आहे, दगड झालेली झाडे तिथे पाहता येतात. ही सुरुवात चांगली आहे. तिथल्या पाट्यांवर मराठीबरोबर तेलुगू आणि गोंडीही असावी, कारण त्या गावांच्या घरातल्या भाषा त्या आहेत.

संग्रहालय म्हणजे इमारतच असते असे नाही. ताडोबाच्या तलावाकाठी झाडाखाली एक देवस्थान आहे. लोककथा अशी, की तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानले. त्याच्या नावावरून ताडोबा. तिथल्या जंगलाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. जगभरचे लोक तिथे वाघ पाहायला येतात. पण त्या जागेचे नाव वाघाचे नाही, वाघाने मारलेल्या माणसाचे आहे. अजब बंगल्यातल्या पाटीवर जी गोष्ट सुटली होती, ती या देवस्थानाने शेकडो वर्षे सांभाळली. वाघ आणि माणूस इथे एकाच कथेत आहेत.

तलावांचेही तसेच. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळत असे. कोहळी समाजाने त्यात नाव कमावले. पुढे मालगुजारांच्या नावावरून त्यांना मामा तलाव म्हणू लागले. हे तलाव आणि गावोगावच्या बोड्या हे आमचे खरे मत्स्यालय आणि ढिवर हे त्याचे जाणकार. एका म्हाताऱ्या ढिवराने मला सांगितले होते, पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला की समजावे खाली मरळ राखणीला आहे. तेव्हा जाळे टाकायचे नाही. मरळ पिल्लांची राखण करते हे पुस्तकातही आहे, पण जाळे न टाकण्याचा नियम पुस्तकात नाही. आज तलावांत बाहेरून आणलेले मत्स्यबीज सोडतात, त्याने पोट भरते, तेही हवेच. पण मरळ, वाम, मागूर, शिंगी यांची ओळख असलेली माणसे थकत चालली आहेत. मासा गेल्याचे कुणी तरी नोंदवील. ही ओळख गेल्याची नोंद कुठे होणार?

आपले प्राणी आपल्याकडे राहावेत ही इच्छा अडाणीपणाची नाही, हे कमलापूरच्या लोकांनी दाखवून दिले. गडचिरोलीतल्या या गावी वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. २०२२ मध्ये तिथले हत्ती गुजरातेत हलवण्याची चर्चा निघाली तेव्हा गावकऱ्यांनी ठाम विरोध केला आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले. त्याच परिसरातले कोलामार्का २०१३ मध्ये रानम्हशींसाठी राखीव झाले. महाराष्ट्रात रानम्हशींचा हा शेवटचा आसरा आहे. कधीकाळी चांद्याच्या पूर्वेकडच्या जंगलात आणि पलीकडे बस्तरात त्यांचे कळप होते. आज त्या मोजक्या उरल्या आहेत. भुसा भरून काचेआड ठेवायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

या प्रेमाची किंमत कोण मोजतो, हेही बोलले पाहिजे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आमच्याकडे मोहफुले आणि तेंदूच्या हंगामात घरातली बाई जंगलात गेली की ती परत येईपर्यंत घराचा जीव टांगणीला असतो. उद्या चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत इथल्या प्राण्यांचे, माशांचे चांगले संग्रहालय झाले आणि त्यात वाघ फक्त देखणा दिसला, तर ते अर्धेच राहील. वाघाच्या शेजारी तेंदूच्या पानांचा पुडा हवा, मरळीच्या शेजारी ढिवराचे जाळे हवे, कोट्याच्या माशाशेजारी कोट्याचा नकाशा हवा. आणि प्रत्येक पाटीवर, शास्त्रीय नावाच्याही आधी, गावाचे नाव हवे. मूलकडच्या आजोबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या नातवाला तरी तिथे वाचता यावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)