मुंबईंतील लुप्त नृत्यसंगीतगृहें

देवालय पडलें तरी शिलालेख उरतो. दरबार मोडला तरी दप्तर उरतें. परंतु जेथें रात्रीं वाद्यवृंद वाजत व स्त्रीपुरुष जोडीनें नृत्य करीत, त्या गृहांचें असें साधन सहसा मागें राहत नाहीं. यास्तव मुंबईंतील अशा गृहांविषयीं जें निश्चित सांगतां येतें, त्याचा येथें थोडक्यांत विचार केला आहे.

इ. स. १९०३ मध्यें उघडलेल्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा जाझवृंद आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनींही तेथें वादन केलें. पुढें या वृंदांची जागा पुष्कळ अंशीं गोमंतकीय वादकांनीं घेतली. याचें कारण त्यांच्या शिक्षणांत सांपडतें. पोर्तुगीज अमलांत गोव्यांतील चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांस स्वरलेखन वाचण्याचें व व्हायोलिन वाजविण्याचें शिक्षण मिळे. आणि लिहिलेलें संगीत पाहतांक्षणीं वाजवितां येणें ही या धंद्याची पहिली अट होती. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रंपेटवादक म्हणून प्रसिद्धीस आले व स्वतःचा वृंद घेऊन ताजमध्यें वाजवूं लागले.

या गृहांच्या ऱ्हासाचें कारण म्हणून १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याकडे बोट दाखविण्यांत येतें. हें मत अंशतः ग्राह्य आहे. वादकांचें वेतन बहुधा भोजन व मद्य यांच्या विक्रींतून निघे. त्यांपैकीं एक उत्पन्न बुडाल्यावर दुसऱ्यावर भार पडणें अपरिहार्य होतें. तथापि केवळ कायद्यानें सर्व उलगडा होत नाहीं. चर्चगेट भागांतील गेलॉर्ड हें उपाहारगृह त्या कायद्यानंतर, १९५६ सालीं, उघडलें, व त्या भागांत पुढेंही वाद्यवृंद वाजत राहिले. शिवाय चित्रपटसंगीतास स्वरलेखन जाणणारे वादक हवेच होते. सी. रामचंद्र यांचें संगीत असलेल्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत चिक चॉकलेट वृंदासह पडद्यावरही दिसतात. अँथनी गोन्साल्विस यांनीं तर १९५८ सालीं सेंट झेवियर्स कॉलेजांत रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. त्या प्रसंगीं लता मंगेशकर व मन्ना डे यांनीं गायन केलें.

त्याच परिसरांतील रंगभवन या खुल्या नाट्यगृहांत १९७८ सालीं पहिली ‘जाझ यात्रा’ भरली. पुढें २००० सालच्या ध्वनिनियमांनीं रुग्णालयें, विद्यालयें व न्यायालयें यांच्या भोंवतालचें शंभर मीटर क्षेत्र शांतताक्षेत्र ठरविलें, आणि तेथील रात्रींच्या मैफलीही थांबल्या.

एवंच, गृहें गेलीं तरी विद्या लोपली नाहीं. ती नृत्यगृहांतून ध्वनिमुद्रणगृहांत गेली. मात्र या स्थलांतरांत वादकाचें नांव हरवलें. नृत्यगृहाच्या जाहिरातींत वृंदप्रमुखाचें नांव ठळक छापीत. चित्रपटाच्या श्रेयनामावलींत बहुधा संगीतदिग्दर्शकाचेंच नांव येई. तें हरवलेलें नांव सांपडल्यास कार्यक्रमपत्रिकेंत, करारनाम्यांत, किंवा स्वरलेखनाच्या कागदाच्या कोपऱ्यांतच सांपडेल. जुन्या घरांतून सनदा व बखरी शोधणाऱ्या संग्राहकांनीं हे कागदही रद्दींत जाण्यापूर्वीं बाजूस काढावे. त्यांस शतक लोटलेलें नाहीं, एवढ्यानें त्यांचें साधनमूल्य उणें ठरत नाहीं.