पडद्यावरचे कोटणीस आणि भैय्या चौकातले कोटणीस

मागच्या वेळी भाषण संपल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "मुलांना सिनेमाला नेतो, वेफर्स खातो, घरी येतो. त्यातून त्यांना काही कळावं म्हणून काय करायचं?" तेव्हा मी उत्तर टाळलं. आज देतो, पण एकाच सिनेमाच्या आधारानं. कारण तो आपल्या गावचा आहे.

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' 1946 चा, राजकमलचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910. जपाननं चीनवर आक्रमण केलं, आणि 1938 साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं. चौघे परतले. ख्वाजा अहमद अब्बासांनी या न परतलेल्या पाचव्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून हा सिनेमा. कोटणीस झाले स्वतः शांताराम, आणि त्यांची चिनी पत्नी झाल्या जयश्री. (चिनी बाईचं काम मराठी नटी करते यावर आजची मुलं पहिल्या पाच मिनिटांत हसतात. हसू द्यावं. तिथूनच प्रश्न सुरू होतात.)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरातली सात पोरं जमली होती. त्यांना हा सिनेमा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरी नेलं. महापालिकेनं तिथं स्मारक केलंय. मी एवढंच सांगितलं होतं : सिनेमात एक आणि इथं दुसरंच, असं जे जे सापडेल ते वहीत लिहा.

तारखा, नावं वगैरे त्यांनी भराभर टिपलं. पत्नीचं खरं नाव क्वो छिंगलान, त्या परिचारिका. मुलाचं नाव यिन्हुआ, म्हणजे त्यातला 'यिन' भारताचा आणि 'हुआ' चीनचा. हे पोरांना फार आवडलं.

अडलं ते मृत्यूपाशी. पडद्यावर साथ येते, डॉक्टर औषधासाठी स्वतःच्याच अंगावर प्रयोग करतो, आणि त्याच्या मरणाचा धागा त्या प्रयोगापर्यंत जातो. प्रत्यक्षात 9 डिसेंबर 1942 ला कोटणीस गेले ते अपस्माराच्या झटक्यांनी. वय बत्तीस. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते, शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहायला घेतलं होतं.

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीनं विचारलं, "काका, अपस्मार म्हणजे फिट ना?" हो म्हटलं. ती जरा थांबली. "आमच्या वर्गात एकाला येते. त्याला सहलीला नेत नाहीत." मग एकदम, "पण हे तर ऑपरेशनं करत होते!"

मंडळी, त्या क्षणी मला शांतारामबापूंचा थोडा रागच आला. माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. आपल्या घरांतून अजूनही मुलीचं लग्न ठरेपर्यंत 'फिट येते' हे लपवलं जातं. सोलापूरच्या एका माणसानं हा आजार घेऊन युद्धभूमीवर माणसं वाचवली, आणि नेमकं तेच सिनेमात पुसट झालं.

राग आला तरी इतिहासाच्या माणसानं कारणं शोधावीत. तो काळ महायुद्धाचा. कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण. जपान शत्रू आहे अशी गोष्ट इंग्रज सरकारला चालत होती, आणि त्या आडोशानं काँग्रेसच्या डॉक्टरांची गोष्ट सांगता येत होती. शिवाय प्रेक्षकाला हुतात्मा हवा होता. हुतात्म्याचं मरण त्याच्या कामातून यावं लागतं, मेंदूतल्या झटक्यातून आलेलं चालत नाही. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा थोरला भाचा म्हणाला, "म्हणजे खोटं सांगितलं." पुतणी म्हणाली, "सगळं नाही." त्यांचं भांडण मी मिटवलं नाही. अजून चालू आहे.

एक जागा मात्र दोघांनाही आवडली. शेवटी मरणाच्या दारातला डॉक्टर बायकोला सोलापूरच्या घरची वाट सांगतो. हे खरं घडलं की नाही, यावर कुणीच वाद घातला नाही. स्मारकातून बाहेर पडल्यावर पुतणी म्हणाली, आता आपण रेल्वे स्टेशनवर जाऊ आणि तिथून चालत परत इथं येऊ. ऊन चढलं होतं, मी रिक्षा करू म्हणत होतो. सातही जण पुढं निघालेसुद्धा.