काळी, पांढरी आणि वीज : 'विद्युतीकृत गाव' या संज्ञेचा इतिहास

ग्रामीण विद्युतीकरणाचा इतिहास बहुधा धरणे, वीजगृहे आणि मेगावॉटचे आकडे यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु वीज कोणाच्या घरी पोहोचली आणि कोणाच्या घरी नाही, याचा निवाडा पुष्कळदा 'गाव' या एका शब्दाच्या अर्थाने केलेला आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांचा पश्चिमेकडील डोंगरपट्टा हे याचे ठळक उदाहरण होय.

कोयना प्रकल्पाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले व १९६२ मध्ये त्याची वीज वाहू लागली. धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस उतरते आणि रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी येथे त्याची वीज होते. पुढे सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत गेली. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यासाठी होती. उच्चदाबाची वाहिनी ज्या वस्तीवरून जाते, त्या वस्तीस तिचा थेट उपयोग नसतो. त्यासाठी उपकेंद्र, ११ किलोव्होल्टची वाहिनी, रोहित्र व लघुदाबाच्या तारा अशी उतरंड उभारावी लागते. मूठभर घरांसाठी ती उभारणे हिशेबात बसत नसे. शिवसागर जलाशयामुळे पलीकडील कांदाटी खोरे तर अधिकच एकाकी पडले.

या डोंगरपट्ट्याच्या माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे आहेत. म्हशी पाळणे, लोणी-तूप विकणे आणि कुमरी पद्धतीने नाचणी-वरी पिकवणे, ही या समाजाची जुनी उपजीविका. कैलास मल्होत्रा व माधव गाडगीळ यांनी १९८० च्या सुमारास तिचा पर्यावरणदृष्ट्या अभ्यास केला. खोऱ्यातील कुणब्यांची शेती खाली व धनगरांची गुरे वर, अशी ही विभागणी होती.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. मराठी ग्रामव्यवस्थेत गावाची दोन अंगे मानलेली आहेत : पिकाऊ जमीन ती 'काळी' व वसतीची जागा ती 'पांढरी'. दोन्ही मिळून मौजा. धनगरवाडा कागदोपत्री एखाद्या मौजाच्या किंवा वनाच्या हद्दीत येतो. पण तो त्या मौजाच्या काळीतही नसतो आणि पांढरीतही नसतो.

आता शासकीय व्याख्या पाहाव्यात. १९९७ पर्यंत महसुली क्षेत्रात कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकृत मानले जाई. १९६५-६७ च्या दुष्काळानंतर शेतीपंपांवर भर आला आणि १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. कृष्णा-वारणेच्या सपाटीवर पंपांनी ऊस वाढवला, हे खरे. पण व्याख्येच्या दृष्टीने एका विहिरीवरील एक पंपही पुरेसा होता. म्हणजे काळीत वीज आली, की पांढरीही उजळली असे गृहीत धरले गेले. ऑक्टोबर १९९७ मध्ये वीज 'वसतीच्या जागेत' वापरली जावी, अशी अट आली. आता पांढरी मोजली जाऊ लागली. वाडा तरीही बाहेरच राहिला. २००४ च्या व्याख्येने शाळा, पंचायत, आरोग्यकेंद्र यांसारख्या सार्वजनिक जागांत वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी यांची अट घातली, तसेच दलित वस्तीचा व पाड्याचा प्रथमच उल्लेख केला. तथापि दहा टक्क्यांची अट खालच्या गावठाणातच पूर्ण होऊ शकत होती.

दरम्यान वाड्यांपर्यंतची वाट कायद्यानेही बिकट झाली होती. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमामुळे वनातून तारा नेण्यास केंद्राची अनुमती आवश्यक ठरली. १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. वनरक्षणाचा हेतू उचित असला, तरी खांबाअभावी अंधार कोणाच्या वाट्यास आला, हे ध्यानात घेणे प्राप्त आहे.

२०१७ च्या सौभाग्य योजनेने मोजणीचे एकक 'गाव' सोडून 'घर' केले. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग येथे वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे केंद्र सरकारने घोषित केले. मात्र ही घोषणा गावांविषयी होती, घरांविषयी नव्हती. तारा न पोहोचणाऱ्या घरांसाठी योजनेत २०० ते ३०० वॉटच्या सौर संचाची तरतूद होती : पाच दिवे, एक पंखा, एक प्लग. त्यावर मुलांचा अभ्यास होतो; पिठाची गिरणी किंवा दूध थंड ठेवणारे यंत्र चालत नाही. दुधावर जगणाऱ्या समाजाच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे.

समाजाच्या नावाबाबतही असेच घडते. कातकरी हे अनुसूचित जमातीत व विशेषतः दुर्बल गटात गणले जातात. म्हणून २०२३ च्या जनमन योजनेत त्यांच्या घरांच्या विजेचा समावेश झाला. धनगर राज्याच्या यादीत भटक्या जमातींत मोडतात. त्यांच्या वाड्यास, तो तितकाच दुर्गम असूनही, ते दार उघडे नाही.

सारांश, व्याख्या बदलत गेल्या तशी वीज काळीतून पांढरीत आणि पांढरीतून घरात आली, असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर जे मोजले गेले, ते उजळले. ज्यांना शब्दच नव्हता, ते मागे राहिले. ग्रामीण विकासाच्या अभ्यासकाने आकडा पाहण्यापूर्वी त्या आकड्यातील 'गाव' म्हणजे नेमके काय, हे आधी विचारले पाहिजे.