ध्वनिसंच, घरगुती, उच्च श्रेणीचा : निवड आणि श्रवण (सोलापूर)

ध्वनिमुद्रित संगीत मूळ गायन-वादनाच्या शक्य तितके जवळ ऐकू यावे म्हणून घरात जुळवलेली यंत्रांची साखळी. टर्नटेबल, सीडी प्लेअर किंवा संगणकातल्या फाइलचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा डॅक हा तिचा उगम, ॲम्प्लिफायर मधला दुवा आणि स्पीकरची जोडी शेवट. बोलण्यात तिला नुसते ‘सिस्टिम’ म्हणतात. महाग तो उच्च श्रेणीचा, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. ज्या संचावर तानपुऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास वेगवेगळे ओळखू येतात आणि दोन तास ऐकूनही कान शिणत नाहीत, तो उच्च श्रेणीचा. हे साधते की नाही ते यंत्रांइतकेच, किंबहुना अधिक, खोलीवर ठरते. सोलापुरात तर ते फारच खरे आहे.

खोली. इथल्या जुन्या घरांत खाली शहाबादी फरशी, भोवती गिलावा केलेल्या भिंती आणि वर स्लॅब. शहाबाद सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे, त्यामुळे ही फरशी इथे घरोघरी पोचली. उन्हाळ्यात ती पायाला थंड लागते, पण आवाज मात्र जवळजवळ सगळाच परत फेकते. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलेल्या सूत्राने हिशेब करून पाहता येतो. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच अशी रिकामी खोली घेतली आणि तिचे पृष्ठभाग आवाजाचा सरासरी शंभरातला ३ भागच शोषतात असे धरले, तर थांबलेला सूर पुरता विरायला जवळजवळ ३ सेकंद लागतात. द्रुत तान अशा खोलीत स्वतःवरच चढत जाते आणि शब्द ओळखू येत नाहीत. हाच काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास आला की खोली ऐकण्याजोगी होते.

त्यासाठी परदेशी फोमच्या लाद्या मागवण्याची गरज नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर घरात असतेच. मात्र ती भिंतीला चिकटवून ताणली तर फक्त अगदी वरचे, चरचरीत स्वर शोषते. चुण्या पाडून, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून टांगली तर तिचा परिणाम गळ्याच्या वरच्या पट्टीपर्यंत खाली उतरतो. फरशीवर सतरंजी, तिच्यावर कापसाची गादी, एका भिंतीला पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट, एवढ्याने बरेच काम होते. खर्जाला मात्र चादर पुरत नाही. वरच्या मापाच्या खोलीत लांबीमुळे सुमारे ४७ हर्ट्झचा, तर रुंदी आणि उंची या दोन्हींमुळे सुमारे ५७ हर्ट्झचा सूर फुगतो. रुंदी आणि उंची सारखी असल्याने दोन्ही फुगवटे एकाच जागी येतात आणि तिथला आवाज नुसता घुमत राहतो. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे, मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घेणे आणि आपली बसण्याची जागा मागेपुढे सरकवून पाहणे हा त्यावरचा पहिला उपाय. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणूनच कदाचित तो सर्वांत शेवटी केला जातो.

आणखी एक गोष्ट कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत सहसा सापडत नाही. त्यांतला श्रोता सोफ्यावर बसलेला असतो आणि त्याचा कान जमिनीपासून सुमारे १ मीटरवर असतो. आपल्याकडची बैठक गादीवर, मांडी घालून. तेव्हा कान बराच खाली येतो. ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेत हवा, म्हणून स्टँड बुटके घ्यावे किंवा स्पीकर किंचित पुढे झुकवावे. दोन स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये समभुज त्रिकोण साधला की गायक दोन्ही पेट्यांच्या मधोमध बसल्यासारखा वाटतो.

कशासाठी ऐकायचे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत कानावर येतात, आणि घरोघरच्या संग्रहांतही अभंग, वचने, तेलुगू चित्रगीते, कव्वाल्या शेजारी शेजारी असतात. शाहीर राम जोशी इथलेच. मोडनिंबची कलाकेंद्रे आणि पंढरपूरची वारीही याच जिल्ह्यात. या सगळ्या संगीतात गळा मध्यभागी असतो. म्हणून स्पीकरची पहिली परीक्षा मध्यसप्तकाची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. तिथपर्यंत स्वच्छ उतरणारा मध्यम आकाराचा स्पीकर पुरेसा असतो. भिंती हादरवणारा सबवूफर वरच्यासारख्या खोलीत बहुधा नुकसानच करतो.

कसोटीसाठी तानपुऱ्याइतके उत्तम साधन नाही. घोडीचा वक्र पृष्ठभाग आणि तारेखालचा सुताचा धागा यांमुळे एकाच तारेतून अनेक उपस्वर झळकतात; हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या रचनेवर लिहिले. त्याआधी १९२० मध्ये तबला-मृदंगाच्या शाईमुळे उपस्वर सुरेल कसे होतात हे त्यांनी एका सहकाऱ्यासह दाखवले होते. निकृष्ट संचावर जवारी माशीच्या गुणगुणीसारखी वाटते, चांगल्यावर ती उलगडत जाते. तबल्यात चाटेवरचा ‘ना’ टोकदार आणि डग्ग्याची मींड सलग ऐकू यावी. ढोलकी आणि हलगीचा घाव बसताक्षणी थांबला पाहिजे. मागे शेपूट राहिली तर दोष स्पीकरचा किंवा खोलीचा.

यंत्रे. पैशाची वाटणी करताना सर्वांत मोठा वाटा स्पीकरला द्यावा. तारांवर मोठी रक्कम घालणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते अपव्यय आहे. साधी, पुरेशा जाडीची तांब्याची तार पुरते. ॲम्प्लिफायरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नये: शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. भारतीय बनावटीचा विचार जरूर करावा. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून या व्यवसायात आहे. पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर आणि व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर केले.

मोठे संच ऐकून पाहायला सोलापूरकराला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. तिथल्या विक्रेत्याची खोली गालिचे आणि पडदे लावून सिद्ध केलेली असते. तो आवाज घरच्या फरशीवर मिळणार नाही हे धरूनच जावे. पाठ असलेली, आपल्याच संग्रहातली तीन-चार ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत, आणि दोन संच ताडून पाहताना दोन्हींचा आवाज नेमका सारखा करायला लावावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. घरी चार दिवस वाजवून पाहू देणारा विक्रेता मिळाला तर थोडे जास्त पैसे गेले तरी त्याच्याकडूनच घ्यावे.

ऊन, वीज आणि कान. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पंखा आणि कूलर बंद ठेवून ऐकणे अशक्य. त्यांच्या घरघरीखाली तानपुरा बुडतो, म्हणून चैत्र-वैशाखात श्रवणाची वेळ पहाटेची. कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागतो. अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळाभर पाणी घालत राहावे. पत्र्याच्या छताखाली एलपी ठेवल्या तर त्या वाकतात. त्या उभ्या, दाटीने पण न दाबता आणि सावलीच्या भिंतीलगत ठेवाव्यात.

शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर आयुष्य घालवलेल्यांचा विचार इथे करायलाच हवा. रोज आठ तास ८५ डेसिबलवरच्या आवाजात राहिल्यास आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकू येणे कमी होते. जवारीची झळाळी आणि शब्दांतली स, श ही व्यंजने याच टापूत असतात. अशा श्रोत्याला नवा स्पीकर ‘बोथट’ वाटला तर यंत्र बदलण्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी. मागावर कानात बोळे घालणे हा तर कोणत्याही संचाहून मोलाचा खर्च आहे.

तबकड्या. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे केंद्र सोलापुरात आणि शेजारच्या तुळजापुरातही निघाले. जुन्या तबकड्या जमवणे आणि एकत्र बसून ऐकणे ही या संग्राहकांची रीत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण ३ मिनिटांची. त्यांतल्या ख्यालात गायकाला किती थोडक्यात राग उभा करावा लागे, हे एलपीवर वाढलेल्या श्रोत्याने मुद्दाम ऐकावे. या तबकड्यांना एलपीची सुई लावू नये. त्यांची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर वाजवते. सुमारे ७५ मायक्रॉनच्या टोकाची वेगळी सुई हवी. १९२५ पूर्वीचे मुद्रण विद्युत् यंत्राने नव्हे तर थेट कर्ण्यात गाऊन झालेले असल्याने त्यात खर्ज जवळजवळ नसतो, आणि ॲम्प्लिफायरवर तो वाढवल्यास घरघरच वाढते.

वेगही तपासावा लागतो. ‘७८’ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या कमीअधिक फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या आहेत. साडेचार फेऱ्यांच्या फरकाने गाणे जवळजवळ अर्धा स्वर चढते किंवा उतरते. वेग बदलता येणारे टर्नटेबल घ्यावे, त्या गायकाची नेहमीची पट्टी पेटीवर धरावी आणि तबकडीचा षड्ज तिला मिळेपर्यंत वेग हळूहळू फिरवावा.