खंडित मार्गाचे साक्ष्य : मॅसॅच्युसेट्स सेंट्रल लोहमार्ग आणि त्यावरील सायकलवाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूळ उखडलेल्या लोहमार्गांवर पायी व सायकलने जाण्याच्या वाटा बांधण्याची चळवळ इ. स. १९६३ पासून मोजण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी मे वॉट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी शिकागोच्या एका दैनिकात पत्र लिहून बंद पडलेल्या उपनगरी लोहमार्गाची जमीन लोकांसाठी राखावी, अशी मागणी केली. त्यानंतर या विषयावर विपुल लेखन झाले. परंतु त्याचा रोख बहुधा पूर्णत्वास गेलेल्या वाटांकडे आहे. जेथे वाट मध्येच तुटते ते ठिकाण या लेखनात 'काम बाकी' एवढ्या नोंदीने संपते. ही दृष्टी अपुरी आहे. तुटलेली जागा ही बहुधा जुन्या व्यवहाराची खूण असते. जमीन कोणी, कोणत्या हक्काने, कोणाकडून घेतली होती आणि ती पुढे कोणाच्या हाती गेली, याचा उलगडा अखंड वाटेपेक्षा तेथेच अधिक होतो. बॉस्टनच्या पश्चिमेकडील मॅसॅच्युसेट्स सेंट्रल लोहमार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

बॉस्टन ते नॉर्दॅम्प्टन या १०४ मैलांच्या जुन्या मार्गापैकी निम्म्याहून अधिक अंतर आज सायकलने कापता येते, मात्र सलग नव्हे. समरव्हिलमधून निघालेला सायकलस्वार काही मैल गुळगुळीत वाटेने जातो आणि बेल्मांटच्या परिसरात त्याला गावच्या रस्त्यावर उतरावे लागते. वॉल्थॅमच्या पुढे वेस्टन व वेलँड या गावांत वाट पुन्हा सरळ व जवळजवळ सपाट होते. लोहमार्गाला तीव्र चढ चालत नाही. म्हणून टेकडी खोदून व सखल भागात भराव घालून केलेली ती सपाटी सायकलस्वाराला आयती मिळते. वाट सोडून रस्त्यावर आल्याबरोबर चढउतार सुरू होतात. जमिनीचा मूळ स्वभाव आणि एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याचे काम यांतील फरक पायांना असा कळतो.

या अपूर्णतेला 'रखडलेले पुनरुज्जीवन' म्हणण्यात एक गृहीत दडलेले आहे. पूर्वी कधीतरी एक अखंड व सुस्थिर मार्ग अस्तित्वात होता, असे ते गृहीत होय. कागदपत्रे निराळीच हकिकत सांगतात. कंपनीला सनद मिळाली १८६९ मध्ये. पहिली गाडी धावली १८८१ मध्ये. अवघ्या दोन वर्षांत, १८८३ साली, वाहतूक बंद पडली. १८८५ मध्ये बॉस्टन अँड लोवेल या कंपनीने ती पुन्हा सुरू केली, आणि नॉर्दॅम्प्टनपर्यंतचा मार्ग १८८७ च्या अखेरीस पुरा झाला. त्याच वर्षी बॉस्टन अँड लोवेल कंपनीच भाडेपट्ट्याने बॉस्टन अँड मेन कंपनीच्या ताब्यात गेली. उत्तरेस फिचबर्ग व दक्षिणेस बॉस्टन अँड ऑल्बनी असे दोन बळकट मार्ग आधीच होते. त्यांच्या मधल्या विरळ वस्तीच्या पट्ट्यातून तिसरा मार्ग काढण्याचे साहस आर्थिक दृष्ट्या आरंभापासूनच दुबळे होते. मोटारगाडीने हा लोहमार्ग मारला, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मोटार रस्त्यावर येण्यापूर्वीच हा मार्ग एकदा मरून जिवंत झालेला होता.

क्लिंटनच्या पश्चिमेकडील उतारूंच्या गाड्या १९३२ मध्ये थांबल्या. २१ सप्टेंबर १९३८ रोजी न्यू इंग्लंडवर आलेल्या प्रचंड वादळाने ओकडेल व बॅरे यांच्या दरम्यानचा मार्ग उद्ध्वस्त केला. कंपनीने तो दुरुस्त केला नाही. म्हणजे संपूर्ण १०४ मैलांचा मार्ग सलगपणे वापरात राहिला तो जेमतेम एक्कावन्न वर्षे. नॉर्दॅम्प्टनकडील वाटेचा पहिला मोठा टप्पा १९९३ मध्ये खुला झाला. तेव्हापासून वाट जोडण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. वाट बांधावयास लागलेला हा काळ मूळ मार्गाच्या सलग आयुष्याच्या निम्म्याहून अधिक भरतो, हे वाटेच्या पुरस्कर्त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

पूर्वेकडील उपनगरी सेवा मात्र हळूहळू आखडत गेली. १९५८ मध्ये तिचे शेवटचे स्थानक क्लिंटनऐवजी हडसन झाले, १९६५ मध्ये साउथ सडबरी, आणि २६ नोव्हेंबर १९७१ रोजी तीही बंद झाली. बॉस्टन अँड मेन कंपनी १९७० पासून दिवाळखोरीत होती. १९७६ मध्ये तिची बॉस्टनभोवतालची उपनगरी मालमत्ता सार्वजनिक परिवहन प्राधिकरणाने विकत घेतली, आणि गाड्या बंद असलेल्या या मार्गाची जमीनही त्यात आली. या खरेदीचे महत्त्व पुढे दिसून आले. पूर्वेकडे मार्ग उशिरा मेला आणि त्याची जमीन एका सार्वजनिक मालकाच्या हाती एकत्र राहिली. मध्यभागी तो १९३८ मध्येच मेला, तेव्हा असा कोणी मालक पुढे आला नाही. तेथील काही जमीन पाणीपुरवठ्याच्या संरक्षित क्षेत्रात राहिली, काही खाजगी हातांत विखुरली. होल्डन व रटलंड भागात १९९५ पासून स्वयंसेवकांच्या एका संस्थेने वाटेचे तुकडे जोडत नेले आहेत.

येथे जमिनीच्या हक्काचा प्रश्न थोडा विस्ताराने पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधील लोहमार्ग कंपन्या कायद्याने सक्तीने जमीन घेत, तेव्हा त्यांना सामान्यतः मिळे तो केवळ वहिवाटीचा हक्क. मूळ मालकी शेजारच्या जमीनधारकाकडे राही. काही जमीन कंपन्यांनी पूर्ण मालकीने खरेदीही केली. परिणामी एकाच मार्गावर लागोपाठच्या दोन तुकड्यांचे हक्क भिन्न असू शकत. गाडी धावत होती तोवर हा भेद कोणाला जाणवला नाही. गाडी थांबली आणि कंपनीने मार्ग सोडून दिला की वहिवाटीचा हक्क संपुष्टात येतो व जमीन मूळ मालकाच्या वारसांकडे परतते, असा दावा उभा राहू लागला. हा दावा रोखण्यासाठी अमेरिकन संसदेने १९८३ मध्ये राष्ट्रीय वाटांच्या कायद्यात दुरुस्ती केली. भविष्यकाळी रूळ पुन्हा टाकण्याची शक्यता राखून मार्गाचा तात्पुरता उपयोग वाटेसाठी केल्यास तो मार्ग 'सोडून दिला' असे धरू नये, हे तिचे सार. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली, मात्र जमीनधारकांना नुकसानभरपाई मागण्याचे दार उघडे ठेवले. २०१४ मध्ये वायोमिंगमधील एका मार्गाविषयी त्याच न्यायालयाने जमीनधारकाच्या बाजूने निकाल दिला. तेथे मार्ग अशा रीतीने राखून ठेवलेला नव्हता.

आपल्याकडील अभ्यासकाला हा सारा वाद काहीसा अपरिचित वाटेल, आणि त्याला कारण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी १८४९ मध्ये झालेल्या करारान्वये जमीन सरकारने स्वतः संपादून कंपनीला ९९ वर्षांसाठी विनामूल्य दिली होती. जमीन परत कोणाकडे जाणार, याचे उत्तर करारातच होते. न्यू इंग्लंडमध्ये ते उत्तर प्रत्येक शेताच्या खरेदीखतात वेगवेगळे शोधावे लागते.

तथापि केवळ कायद्याने वाटेचे सर्व खंड उलगडत नाहीत, हे वेस्टनच्या उदाहरणावरून दिसते. वेस्टनमध्ये जमिनीच्या मालकीची अडचण मोठी नव्हती. ती परिवहन प्राधिकरणाची होती. परंतु न्यू इंग्लंडच्या गावांत नोंदलेल्या मतदारांची खुली नगरसभा भरते आणि गावाचा खर्च व करार तिच्या मताने ठरतात. आपल्या ग्रामसभेशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण वेस्टनची नगरसभा राज्यातील अत्यंत संपन्न गावांपैकी एकाची आहे, आणि तिला आपल्या अधिकाराची पूर्ण जाणीव आहे. वाटेमुळे परके लोक घरांच्या मागच्या अंगणालगत येतील, चौकांत अपघात होतील, मोटारी उभ्या करण्याची गर्दी होईल, असे आक्षेप घेण्यात आले आणि १९९७ मध्ये नगरसभेने वाटेचा प्रस्ताव फेटाळला. या मतदानाकडे श्रीमंतांचा स्वार्थ म्हणून बोट दाखविणे सोपे आहे. त्यात काही अंशी सत्यही असेल. परंतु आपल्या हद्दीत काय बांधावे हे ठरविण्याचा जो अधिकार ही गावे सतराव्या शतकापासून वापरीत आली, तोच येथे वापरला गेला होता. सनदेच्या बळावर आलेल्या लोहमार्ग कंपन्यांना मात्र अशा सभेच्या होकाराची गरज नव्हती. वाटेच्या काळात हा अधिकार गावाकडे आला, म्हणूनच वाट थांबली.

तो फार काळ गावाकडे राहिला नाही. २०१० मध्ये राज्याच्या उद्यान खात्याने परिवहन प्राधिकरणाकडून वॉल्थॅमपासून बर्लिनपर्यंतचे सुमारे २३ मैल ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. आता करार राज्याच्या दोन अंगांमध्ये झाला. पुढची अडचण पैशाची होती आणि ती अनपेक्षित रीतीने सुटली. वेस्टन व वेलँडमधून या मार्गालगत वीज कंपनीच्या तारा जातात. त्यांच्या देखभालीसाठी कंपनीला रस्ता हवा होता. तोच सायकलवाटेचा पाया झाला, आणि २०१९ मध्ये हा टप्पा खुला झाला. नगरसभेने बावीस वर्षांपूर्वी नाकारलेली वाट देखभालीच्या रस्त्याच्या रूपाने गावात आली.

सडबरीत हीच युक्ती वादाचे कारण ठरली. तेथून हडसनपर्यंत जुन्या मार्गाखाली उच्च दाबाची वीजवाहिनी पुरावी व तिच्यावर वाट बांधावी, अशी योजना निघाली. झाडे तुटतील, पाणथळ जागा व विहिरींचे पाणी बिघडेल, असे म्हणत गावाने तिला विरोध केला. एका सार्वजनिक उपयोगासाठी घेतलेली जमीन विधिमंडळाच्या स्पष्ट संमतीवाचून दुसऱ्या, विसंगत उपयोगाला देता येत नाही, असे जुने तत्त्व त्या राज्याच्या न्यायदानात आहे. गावाने त्याचाच आधार घेतला. राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने २०२० मध्ये गावाचा दावा अमान्य केला. पुढे वाहिनी घालण्याचे व तिच्यावर वाट बांधण्याचे काम सुरू झाले. सायकलवाटेचे समर्थक आणि वृक्षरक्षणाचे समर्थक एरवी एकाच बाजूला उभे असतात. सडबरीत ते समोरासमोर आले. वाटेच्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याने हा प्रसंग वगळणे योग्य होणार नाही.

क्लिंटनचा खंड निराळ्या जातीचा आहे. वॉचूसेट जलाशयासाठी १९०३ मध्ये लोहमार्ग वळवावा लागला. त्यासाठी हजार फुटांहून लांब बोगदा खोदला आणि नॅशुआ नदीवर उंच लोखंडी पूल उभारला. तो पूल १९७५ मध्ये काढून टाकण्यात आला. बोगदा राहिला आहे, आणि त्याच्या तोंडापुढे मार्ग जेथे नदीवर झेपावत असे तेथे आता मोकळी हवा आहे. येथे वहिवाटीचा वाद नाही, नगरसभेचा नकारही नाही. काढून टाकलेल्या लोखंडाची किंमत तेवढी आहे. पूल काढला त्या वर्षी परिवहन प्राधिकरणाची खरेदी अजून एक वर्ष दूर होती.

मध्यंतरी पूर्व टोकाला समरव्हिलमधील वाटही पुढे सरकली. भुयारी रेल्वे १९८५ मध्ये एलवाइफपर्यंत गेली, तेव्हा तिच्या डोक्यावरील जुना मालगाडीचा मार्ग मोकळा झाला. जून २०२३ मध्ये नव्या विद्युत-रेल्वेबरोबर वाट शहराच्या मध्याजवळ पोचली. म्हणजे जेथे वाट सर्वांत सुरळीत बांधली गेली, तेथे ती रेल्वेच्याच नव्या बांधकामाचा भाग होती. वॉल्थॅम ते बर्लिन या पट्ट्याचा भाडेपट्टा २१०९ पर्यंतचा आहे; तोवर, आणि त्यानंतरही, जमिनीची मालकी परिवहन प्राधिकरणाकडेच राहील.