तापलेल्या पोलादाचा रंग आणि जुन्या रायफलीचे काडतूस

१/ जुन्या बोल्ट ॲक्शन शिकारी रायफलीसाठी स्वतः काडतुसे भरणाऱ्या अमेरिकी हौशी नेमबाजाला पहिला सल्ला मिळतो तो दारू काटेकोर तोलण्याचा. इतिहास त्याही आधीचा प्रश्न विचारतो : या रायफलीचे पोलाद केव्हा आणि कोणत्या पद्धतीने तापवले गेले? स्प्रिंगफील्ड १९०३ या रायफलीच्या निमित्ताने हा प्रश्न समजून घेऊ.

२/ प्रथम काडतूस भरणे म्हणजे काय ते पाहू. झाडलेल्या काडतुसाची पितळी केस तपासायची, साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, तळाशी नवी टोपी बसवायची, तोललेली दारू ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. प्रकाशित तक्त्यातील किमान मापापासून आरंभ करावा आणि तडा गेलेली केस बाद करावी, हे या कामातील मूलभूत नियम.

३/ ही रायफल अमेरिकी लष्कराने १९०३ मध्ये स्वीकारली. तिची रचना जर्मन माउझरच्या इतकी जवळची होती, की सरकारला माउझर कंपनीस २,००,००० डॉलर मोजावे लागले. १९०६ मध्ये तिला .३०-०६ हे काडतूस लाभले. पुढे ते शिकाऱ्यांचेही आवडते ठरले. थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीसाठी खास घडवून घेतलेली स्प्रिंगफील्ड १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत सोबत नेली होती.

४/ रायफलीचा बोल्ट ज्या पोलादी भागात अडकतो त्याला रिसीव्हर म्हणतात. बार होताना काडतुसात दर चौरस इंचास सुमारे ५०,००० पौंड दाब निर्माण होतो. बोल्टमार्गे त्याचा धक्का रिसीव्हर पेलतो, आणि रिसीव्हरच्या मागे नेमबाजाचा चेहरा असतो.

५/ एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि त्याच वर्षी काही रायफली फुटल्या. चौकशीत एका कंत्राटदाराच्या काडतुसांचे पितळ सदोष आढळले. परंतु केस फाटून वायू मागे सुटला म्हणून रिसीव्हरच्या ठिकऱ्या का व्हाव्यात? हा शोध स्प्रिंगफील्डच्या भट्टीपर्यंत गेला.

६/ तेथे पोलादाचे तापमान अनुभवी कारागीर त्याच्या रंगावरून ओळखत. लखलखीत उन्हाच्या दिवशी तापलेले पोलाद डोळ्यांना फिके भासते. म्हणून ते अधिक तापवले जाई. पायरोमीटर लावल्यावर दिसले, की उन्हाच्या दिवशीची ‘योग्य’ उष्णता ढगाळ दिवसाच्या मानाने ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त होती. अतितापाने पोलाद जळून ठिसूळ होत असे.

७/ प्रत्येक रायफलीची सुमारे ७०,००० पौंड दाबाच्या काडतुसाने चाचणी होत असे. या रायफली त्या चाचणीतून पार पडल्या होत्या. कारण ठिसूळ पोलाद कठीण असते; ते मोठा दाबही सोसते, पण अनपेक्षित धक्क्याने वाकण्याऐवजी काचेसारखे तडकते. शिवाय या रायफलीत केसच्या तळाजवळचा थोडा भाग आधाराविना उघडा राहतो. पितळ तेथे फाटले, की वायूचा आघात थेट रिसीव्हरवर होतो.

८/ फेब्रुवारी १९१८ मध्ये दुहेरी उष्णतासंस्कार सुरू झाला. तेव्हापासून स्प्रिंगफील्डच्या सुमारे ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ या क्रमांकांखालील रायफली संशयास्पद मानल्या जातात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लष्करी मंडळाने त्या सेवेतून काढण्याची शिफारस केली. जुने रिसीव्हर पुन्हा तापवून सुधारत नव्हते. तरीही लाखो रायफली मोडीत काढण्याऐवजी युद्धासाठी राखीव ठेवण्यात आल्या. त्यांतील कित्येक दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हाती पोहोचल्या, अनेक नागरिकांकडे शिकारी रूपात उरल्या.

९/ काडतूस भरणाऱ्यासाठी खरा धोका येथे आहे. दाब वाढला, की टोपी चपटी होते, बोल्ट जड उघडतो. नेमबाज या खुणांवर भिस्त ठेवतो. पण ती पितळाची साक्ष आहे, पोलादाची नव्हे. ठिसूळ रिसीव्हर पूर्वसूचना देत नाही. दारू कमी भरल्याने धोका घटतो, नाहीसा होत नाही. कारण केस जुनी होऊन फाटू शकते किंवा नळीत अडथळा राहू शकतो.

१०/ म्हणून क्रम असा असावा : आधी रिसीव्हरवरील क्रमांक वाचावा. तो संशयित मर्यादेत असेल, तर रायफल भिंतीवर शोभते. तिच्यातून बार काढू नये. क्रमांक नंतरचा असल्यास जाणकार बंदूक कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्टचा पुढचा पृष्ठभाग व काडतूस चेंबरमध्ये जेथे अडते ते ठिकाण यांतील अंतर, तपासून घ्यावे. तक्ता, तराजू आणि दारू त्यानंतर.

११/ स्प्रिंगफील्डचे कारागीर निष्काळजी नव्हते. ते त्या काळातील निष्णात लोक होते. दोष नजरेवर विसंबणाऱ्या पद्धतीत होता. तिचे फळ आजही कुणाच्या तरी कपाटात तेल लावून ठेवलेले आहे, आणि बाहेरून ते इतर कोणत्याही चांगल्या रायफलीसारखेच दिसते.