न्यायाचे दर्शन : न्यूयॉर्कच्या तरुण छायाचित्रकारांची कथा

देवळातून परतताना आपण ‘देव पाहिला’ असे म्हणत नाही. ‘दर्शन झाले’ असे म्हणतो. पाहणे हे डोळ्यांचे काम आहे. दर्शनाने मान लवते, आणि माणसाच्या वागण्यात काही पालट व्हावा अशी अपेक्षा असते. छायाचित्रकलेच्या इतिहासातही हा भेद जाणणारी काही तरुण मंडळी होऊन गेली. त्यांची हकीकत आपणांस उद्बोधक वाटेल.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमधील शिक्षक लुईस हाइन. युरोपातून बोटी भरभरून येणारे गरीब लोक एलिस बेटावर उतरत असत. इ. स. १९०४ पासून हाइन त्यांची छायाचित्रे घेऊ लागला. या आगंतुकांकडे आदराने पाहावयास विद्यार्थ्यांनी शिकावे, हा त्याचा हेतू होता. पुढे जगद्विख्यात झालेला पॉल स्ट्रँड हा त्याच्याच वर्गातला विद्यार्थी. इ. स. १९०८ मध्ये शाळा सोडून हाइन राष्ट्रीय बालश्रम समितीच्या कामास लागला. गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेण्यासाठी तो वेष पालटून आत शिरे, आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मुलांची उंची अजमावी आणि खिशातल्या कागदावर वये टिपून घेई. बालश्रमास आळा घालणारा देशव्यापी कायदा व्हावयास १९३८ साल उजाडले. त्यासाठी लोकमत जागे करण्यात या चित्रांचा वाटा मोठा होता.

त्यापूर्वी दोन वर्षे, इ. स. १९३६ मध्ये, न्यूयॉर्क येथे ‘फोटो लीग’ स्थापन झाली. संस्थापकांपैकी सिड ग्रॉसमन तेवीस वर्षांचा, तर सोल लिबसन बावीस वर्षांचा होता. सभासदांपैकी बहुतेक जण गरीब ज्यू निर्वासितांची मुले. म्हणजे हाइनने एलिस बेटावर टिपलेल्या पिढीचीच ही संतती. या लीगमध्ये अल्प वर्गणीत शिक्षण मिळे, रासायनिक धुलाईची काळी खोली सर्वांस मोकळी असे, आणि विद्यार्थ्यांस आपल्याच वस्तीतील रस्त्यांवर काम दिले जाई. वृद्ध व विपन्न हाइनला या मुलांनी गुरुस्थानी मानले. इ. स. १९४० मध्ये तो निवर्तल्यावर त्याचा चित्रसंग्रह त्याच्या मुलाने लीगच्याच स्वाधीन केला.

लीगचा सर्वांत गाजलेला उपक्रम म्हणजे ‘हार्लेम डॉक्युमेंट’. शाळामास्तर आरन सिस्किंड याच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीतील कोंदट घरे, बेकारी आणि रस्त्यावरचे जीवन अनेक वर्षे टिपले. मॉरिस एंगेल हा गटातील छायाचित्रकार तेव्हा विशीच्या आसपास होता. मायकेल कार्टर या कृष्णवर्णीय लेखकाने मजकुराची बाजू सांभाळली. परंतु छायाचित्रकार गौरवर्णीयच होते. त्यामुळे हेतू निर्मळ असूनही एक उणीव राहिली. काव्य, संगीत आणि प्रार्थनामंदिरे यांनी गजबजलेले हार्लेम बाहेरच्यांस मुख्यतः दैन्याचे आगर म्हणून दिसले.

लीगवर खरा घाला मात्र निराळ्याच दिशेने आला. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकन सरकारने संशयित संस्थांच्या यादीत तिचे नाव घातले. दोन वर्षांनी तिच्याच एका सभासद बाईने आपण सरकारी गुप्तहेर असल्याचे न्यायालयात उघड केले. भयाने माणसे गळत गेली आणि १९५१ मध्ये लीग बंद पडली.

हार्लेमच्या चित्रांतील उणीव पुढे हार्लेमच्याच पुत्राने भरून काढली. तेथेच १९१९ मध्ये जन्मलेल्या रॉय डिकारावा याला १९५२ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. हा मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. कवी लँग्स्टन ह्यूज याच्या लेखनासह १९५५ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात दारिद्र्य आहेच. परंतु लेकराला कुशीत घेणारे हात आहेत, घरातला विसावाही आहे. ज्यांना आजवर केवळ पाहिले जात होते, त्यांच्यातलाच एक जण पाहणारा झाला. न्यायाची खरी सुरुवात येथे होते.

हा विचार आपणांस परका नाही. दर्शनाचा अधिकार सर्वांस मिळावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राण पणाला लावले होते. आपल्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे छायाचित्रांतून मांडले; २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज आमच्या देवस्थानांच्या जत्रांत प्रत्येक तरुणाच्या हाती कॅमेरा असतो. पालखी, दीपमाळा, रथ यांची चित्रे त्याने अवश्य घ्यावीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उष्ट्या पत्रावळी कोण उचलते, महाप्रसादाच्या पंगतीत कोण कोठे बसते, वाजंत्री वाजविणाऱ्यास उतरावयास जागा कोणती मिळते, इकडेही त्याची दृष्टी वळावी. चित्र घेण्यापूर्वी त्या माणसाची अनुमती घ्यावी, घेतल्यावर ते त्यास दाखवावे, आणि शक्य तर कॅमेरा त्याच्याच मुलाच्या हाती द्यावा. ती चित्रे मग सभामंडपात, महाजनांच्या नजरेस पडतील अशी लावावीत. ती पाहून वडीलधारी मंडळी क्षणभर अस्वस्थ झाली, तरी त्यांना दर्शन घडले असेच म्हणावे लागेल.